ऑपरेशननंतर पोटात साठलेलं पाणी आणि पू: नळी घालण्यापासून काढण्यापर्यंत घरच्यांनी काय करायचं

पोटाच्या ऑपरेशननंतर आत थोडंफार पाणी राहणं यात नवल काही नाही. पोट उघडलं, आतडी हाताळली, आतून सलाईननं धुऊन काढलं की पुढच्या काही दिवसांच्या सोनोग्राफीत 'थोडं फ्लुइड दिसतंय' असं लिहून येतंच. बहुतेक वेळा ते शरीरात आपोआप जिरतं. त्यामुळे रिपोर्टमधली ती ओळ वाचून रातोरात गाडी काढायची गरज नसते. गाडी काढायची वेळ वेगळी असते. ती ओळखता आली आणि नंतर साठा काढायला घातलेली नळी नीट सांभाळता आली, तर दुसऱ्या ऑपरेशनची वेळ बहुतेकांवर येत नाही.

मी मिरजेत सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर आहे. वानलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये इथं दवाखाना सुरू केला, तेव्हापासून लांबलांबचे पेशंट मिरजेला येतात. जत, आटपाडी, कवठे महांकाळ, तासगाव, पलीकडून अथणी, चिकोडी. अडचणही त्यातूनच होते. नळी घातल्यावर पेशंट दोन-चार दिवसांत बरा दिसायला लागतो, घरी जातो, आणि नळीचं खरं काम तिथं, दवाखान्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर, बायकोच्या नाहीतर सुनेच्या हातात सुरू होतं. डिस्चार्ज कार्डावर 'ड्रेन केअर', म्हणजे नळीची काळजी, एवढे दोनच शब्द असतात. त्या दोन शब्दांत काय काय येतं ते इथं सांगते.

आत साठतं ते काय

सगळा साठा पूच असतो असं नाही. अपेंडिक्स आत फुटून ऑपरेशन झालं असेल तर पू होण्याची शक्यता जास्त. आतडं कापून जोडलं असेल आणि जोड कुठं सैल झाला, तर आतड्यातला माल बाहेर झिरपतो. पित्ताशय काढल्यावर पित्त गळू शकतं, किडनी किंवा लघवीच्या मार्गाच्या ऑपरेशननंतर लघवी, स्वादुपिंडाच्या ऑपरेशननंतर त्याचा पाचक रस. गर्भपिशवीच्या किंवा कॅन्सरच्या गाठी काढण्याच्या ऑपरेशननंतर नुसतं पिवळसर लसीचं, म्हणजे जखमेतून पाझरतं तसं, पाणीही साठतं. कधी रक्त साठून गोठतं. गोठलेलं रक्त बारीक नळीतून येत नाही, आणि त्यात जंतू नसतील तर डॉक्टर त्याला हात न लावता जिरू देतात. 'साठलंय तर काढत का नाही?' असं नातेवाईक चिडून विचारतात, त्याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं.

आकाराचाही हिशोब आहे. साठा ३ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर बहुतेक वेळा अँटिबायोटिकवर ठेवून वाट पाहतात. त्याहून मोठा, ताप आणणारा, भोवती जाड भिंत धरलेला साठा असेल तर नळीचा विचार होतो.

ऑपरेशनच्या वेळीच सर्जनने पोटात सोडलेली नळी वेगळी, आणि नंतर साठा दिसल्यावर सोनोग्राफी किंवा सीटीवर बघून घातलेली नळी वेगळी. हा लेख मुख्यतः दुसऱ्या नळीबद्दल आहे. तिला वॉर्डात सगळे 'पिगटेल' म्हणतात, कारण तिचं आतलं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असतं. नळी सहज निसटू नये म्हणून तो वळसा.

घरी शंका कधी घ्यायची

ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन दिवसांतला बारीक ताप बऱ्याचदा आपोआप जातो. घाबरायचं ते उतरलेला ताप पुन्हा चढला तर. पू होण्याची नेहमीची वेळ म्हणजे पाचव्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत, म्हणजे नेमकं डिस्चार्ज होऊन घरी गेल्यावर. संध्याकाळी थंडी वाजून ताप, सकाळी घाम येऊन मोकळं, पुन्हा संध्याकाळी तेच. जेवण सुटतं. पोट फुगल्यासारखं वाटतं. नाडी जलद चालते. पॅरासिटामॉल दिलं की ताप उतरतो आणि घरचे निर्धास्त होतात. ऑपरेशन झालेल्या माणसाचा ताप नुसत्या गोळ्यांनी दाबत बसू नका, ही माझी पहिली विनंती.

साठा कुठं आहे यावर बाकीची लक्षणं ठरतात, आणि ती फसवी असतात. ओटीपोटात खाली पू असेल तर पेशंट म्हणतो, 'सारखं संडासला लागल्यासारखं होतंय, नुसती चिकट आव पडतीय.' गावातला डॉक्टर जुलाब थांबवायच्या गोळ्या देतो. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली पू असेल तर सतत उचकी लागते, खांदा दुखतो, मोठा श्वास घेता येत नाही. घरचे खांद्याला बाम चोळत बसतात. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, पोट दुखायला लागलं तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा. मधुमेही आणि म्हाताऱ्या माणसांत ताप न येताही पू असू शकतो. त्यांची नुसती साखर अचानक चढते, नाहीतर माणूस सुस्त पडतो, बरळतो.

जाताना ऑपरेशनची फाईल, डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांच्या पट्ट्या बरोबर घ्या. 'ती लाल गोळी' एवढ्यावरून कुणाला काही कळत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आत पाऊल टाकताच सांगा. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन ही नेहमीची नावं. पण त्या स्वतःहून बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने मनाने गोळी सोडली तर पोट राहतं बाजूला आणि छातीचं दुखणं उभं राहतं.

तपासण्या आणि तयारी

आधी रक्त आणि सोनोग्राफी. सोनोग्राफीत आतड्यातला गॅस आड येतो, म्हणून खोलवरच्या साठ्यासाठी बहुतेक वेळा सीटी करावीच लागते. सीटीआधी औषध मिसळलेलं लिटर-दीड लिटर पाणी घोट घोट प्यायला देतात. पेशंट कंटाळतो, नातेवाईक 'आता बास' म्हणतात. पण ते पाणी आतड्यात उतरलं की आतडं वेगळं दिसतं आणि पूची पिशवी वेगळी दिसते. नाहीतर पाणी भरलेलं आतडं आणि पू यांत गल्लत होऊ शकते, आणि सुई जाणार असते ती याच चित्रावरून. म्हणून तेवढं प्यायला लावा. शिरेतून जे औषध देतात त्यासाठी आधी किडनीची तपासणी, म्हणजे क्रिएटिनिन बघतात. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू असेल तर सांगा. पूर्वी कधी त्या इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या असतील तर तेही सांगा.

नळी घालण्याआधी रक्त गोठण्याची तपासणी होते. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) दीडच्या आसपास आणि प्लेटलेट्स ५०,००० च्या वर असल्या की डॉक्टर निश्चिंतपणे पुढे जातात. आकडे बिघडलेले असतील तर आधी प्लाझ्मा किंवा प्लेटलेट्स द्यावे लागतात. त्यासाठी रक्तपेढीला जायला एक माणूस मोकळा ठेवा. जेवण साधारण सहा तास आधी बंद. साधं पाणी किती वेळ आधीपर्यंत चालेल ते वॉर्डात विचारा.

खर्चाचं बोलणं याच वेळी करून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण दवाखाना योजनेत असावा लागतो आणि त्या उपचाराला मंजुरी लागते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाच्या, टेबलावर आधी जा. बिल हातात पडल्यावर तिथं जाऊन फारसं काही हाती लागत नाही.

नळी घालतात कशी

बहुतेकांना पूर्ण भूल देत नाहीत. त्वचेत लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात, ते मुंगी चावल्यासारखं झोंबतं, मग ती जागा बधिर होते. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई साठ्यात नेतात. सुईतून बारीक तार आत सरकवतात, सुई काढतात, तारेवरून वाट थोडी रुंद करतात आणि त्याच तारेवरून नळी आत बसवतात. साठा मोठा आणि त्वचेजवळ असेल तर काही डॉक्टर तार न वापरता नळी थेट एकदमच घालतात. दाबल्यासारखं, ढकलल्यासारखं वाटतं. त्या वेळी 'श्वास धरा' म्हटलं की पेशंटनं धरायचा आणि हलायचं नाही, त्याचं काम एवढंच. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास लागतो. अवघड जागा असेल तर जास्त.

ओटीपोटाच्या तळाशी साठा असेल तर समोरून वाट मिळत नाही, मध्ये आतडी आणि मूत्राशय असतात. मग पेशंटला पालथं झोपवून कुल्ल्यातून नळी घालतात, किंवा गुदद्वाराच्या वाटेने पू काढतात. 'ऑपरेशन पोटाचं आणि नळी मागून कशी?' असं नातेवाईकांना वाटतं. वाट जिथून सुरक्षित, तिथून नळी.

नळीची जाडी फ्रेंचमध्ये मोजतात. १ फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, म्हणजे १२ फ्रेंचची नळी ४ मिलिमीटर जाड. पातळ पाण्यासाठी ८ फ्रेंच पुरते, घट्ट पूसाठी १२ किंवा १४ लागते. डिस्चार्ज कार्डावर ही जाडी लिहून घ्या. पुढे नळी निसटली किंवा बदलायची झाली तर पहिला प्रश्न तोच येतो.

पहिल्यांदा निघालेला पू तपासणीला जातो. कल्चरचा, म्हणजे कुठले जंतू आहेत त्याचा, रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि तो आल्यावर अँटिबायोटिक बदललं तर 'आधीचं चुकलं होतं' असा अर्थ काढू नका. आधी अंदाजाने सुरू करावंच लागतं. नुसतं पाणी आलं तर त्यात पित्त आहे का, लघवी आहे का, स्वादुपिंडाचा रस आहे का हे बघतात. पाण्यातलं क्रिएटिनिन रक्तातल्यापेक्षा बरंच जास्त निघालं तर लघवी गळतेय. अॅमिलेज (स्वादुपिंडाच्या रसातला घटक) रक्तातल्याच्या तिप्पटीहून जास्त असेल तर स्वादुपिंड. बिलिरुबिन (पित्तातला पिवळा रंग) तसंच वाढलेलं असेल तर पित्त. क्षयाची शंका असेल तर त्याची तपासणीही याच नमुन्यात होते, म्हणून नमुना नीट पोचला का हे विचारायला लाजू नका.

नळी घातल्यावर तासा-दोन तासांत पेशंट कधी कधी थाडथाड उडायला लागतो. पूची पिशवी टोचल्यावर थोडे जंतू रक्तात जातात, त्यानं थंडी भरते. सिस्टरला हाक मारा. याची औषधं वॉर्डात तयार असतात.

पहिले दोन-तीन दिवस

पहिल्या दिवशी भसकन बरंच निघतं, नंतर कमी होत जातं. ताप एक-दोन दिवसांत उतरायला लागतो, भूक परत येते. माझ्या मते बरं होण्याची सगळ्यात पहिली खूण हीच, की पेशंट स्वतःहून चहा मागतो. ४८ ते ७२ तासांत काहीच फरक नसेल तर डॉक्टर पुन्हा सीटी करतात. नळीचं टोक सरकलं असेल, पू जास्त घट्ट असेल, साठ्यात कप्पे असतील किंवा दुसरीकडे आणखी एक साठा असेल. मग जाड नळी, दुसरी नळी, क्वचित ऑपरेशन.

आणखी एक. पू नीट निघून गेला असेल तर अँटिबायोटिक लांबवण्याने जास्त फायदा होत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात साधारण चार दिवसांचा कोर्स आणि जास्त दिवसांचा कोर्स यांच्या परिणामांत फरक दिसला नव्हता. तेव्हा डॉक्टरांनी औषध बंद केलं तर मेडिकलमधून स्वतःहून पुढं चालू ठेवू नका.

घरी: वही

डिस्चार्जच्या दिवशी मी नातेवाईकांना दहा रुपयांची वही आणायला सांगते. बऱ्याच जणांना ते कटकटीचं वाटतं. पण नळी कधी काढायची, जोड गळतोय का, नळी बुजलीय का, हे सगळं डॉक्टर त्या वहीवरून ठरवतात. तपासणीला आल्यावर 'थोडं थोडं येतंय' या उत्तराचा काही उपयोग नसतो.

रोज एकाच वेळी, समजा सकाळी सात वाजता, चोवीस तासांचा हिशोब लिहा. तारीख, किती मिली आलं, रंग, वास, ताप किती होता, आणि नळी साफ ठेवायला आत किती सलाईन सोडलं. शेवटचं विसरतात आणि सगळा हिशोब चुकतो. सकाळी १० मिली आणि संध्याकाळी १० मिली सलाईन सोडलं आणि नळीला जोडलेल्या बॅगेत ४५ मिली जमलं, तर खरं आलेलं २५ मिली. वहीत दोन्ही आकडे लिहा.

नळीला लावतात त्या लघवीच्या बॅगेवरच्या खुणा कमी मापाला भरवशाच्या नसतात. ५० मिलीच्या खालचं सगळं मोजायला खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण किंवा १० मिलीची सिरिंज वापरा, आणि ती त्या कामापुरतीच वेगळी ठेवा. मोजून झालेलं संडासात ओतून भरपूर पाणी टाका. उकिरड्यावर किंवा गटारात ओतू नका. हातमोजे नसले तरी चालेल, पण आधी आणि नंतर साबणाने हात धुवा.

रंग लिहिताना मनात येईल तो शब्द लिहा. 'ताकासारखं', 'हळदीच्या पाण्यासारखं', 'लालसर'. आम्हाला कळतं. पू घट्ट पिवळा असतो, मग पातळ होतो, मग फिकट पिवळं पाणी येतं. हा क्रम बरोबर. उलटा फिरला तर लक्ष द्या. हिरवट-पिवळं चकचकीत म्हणजे पित्त असू शकतं. तपकिरी, संडासचा वास असलेलं किंवा खाल्लेल्याचे कण असलेलं म्हणजे आतड्याचा जोड गळतोय.

नळी साफ ठेवणं

द्राक्षबाग असलेल्यांना ठिबकच्या नळ्या वेळोवेळी फ्लश का करतात ते सांगावं लागत नाही. ही नळीही तशीच बुजते, आणि ती फ्लश करायची, म्हणजे सलाईन सोडून धुवायची का, किती, किती वेळा, हे डॉक्टर लिहून देतात. बहुतेकांना दिवसातून दोन-तीन वेळा ५ ते १० मिली साधं सलाईन सांगतात. लिहून दिलं नसेल तर करू नका. करायचं असेल तर असं:

१. साबणाने हात धुवा, स्वच्छ टॉवेलने पुसा. सलाईन, नवी १० मिलीची सिरिंज, स्पिरिटचा स्वॅब जवळ घ्या.
२. सिरिंजमध्ये सलाईन भरा, हवा काढून टाका.
३. थ्री-वेचं (नळी आणि बॅग यांच्यामधल्या तीन तोंडांच्या छोट्या तोटीचं) मोकळं तोंड स्वॅबने पुसून घ्या, सिरिंज बसवा, आणि खटका असा फिरवा की बॅगेकडची वाट बंद होऊन पेशंटकडची उघडेल. डिस्चार्जआधी हे सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने एकदा करून दाखवा. नुसतं बघून लक्षात राहत नाही.
४. सावकाश सोडा. अडलं तर जोर लावू नका. आधी नळी कुठं पिळली-दुमडली आहे का बघा, पेशंटला कुशीवर वळवून पुन्हा हळू प्रयत्न करा. तरी अडलं, किंवा जोरात दुखलं, तर थांबा आणि फोन करा.
५. सिरिंज काढा, टोपण लावा, खटका पुन्हा बॅगेकडे वळवा. हे विसरलं की नळी बंदच राहते आणि रात्री ताप येतो.

सिरिंजने मागे ओढायला सांगितलं नसेल तर ओढू नका. सलाईनच्या छोट्या ॲम्प्युल मिळतात, त्या घ्या. मोठी बाटली आणली तर उघडल्यावर एक दिवस वापरा, बाकीचं फेकून द्या. ५०० मिलीची बाटली दोन आठवडे पुरवून काटकसर करणारी माणसं मला माहीत आहेत. त्यांनीच नवे जंतू आत पाठवलेले असतात.

बॅग, कपडे, अंघोळ

बॅग नेहमी पोटाच्या पातळीच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. अंथरूण खाली असेल तर बॅग पोटाच्या बरोबरीला येते आणि पू वाहत नाही, म्हणून नळी असेपर्यंत कॉट किंवा बाज वापरा. बॅग निम्मी-पाऊण भरली की रिकामी करा, जड बॅग नळीला ओढते. बायकांनी परकराच्या नाडीला, पुरुषांनी पायजम्याच्या नाडीला बॅगेचं कडं अडकवावं. सेफ्टी पिन नळीच्या आसपासही नको.

नळी त्वचेतून बाहेर पडते तिथं डिस्चार्जआधी मार्करने खूण करून घ्या. रोज ती खूण बघा. बाहेर सरकलेली दिसली तर नळी निसटायला लागलीय. नळीच्या तोंडाशी ड्रेसिंग दोन-तीन दिवसांनी, किंवा ओलं झालं की लगेच बदला. सलाईनने पुसून, कोरडं करून, मग सांगितलेलं औषध लावून गॉज. सांगली म्हणजे हळदीचं गाव, घराघरात चांगली हळद असते, आणि सासूबाई मायेने ती नळीच्या तोंडाशी भरतात. भाजीत घाला, दुधात घाला. पोटाच्या आत जाणाऱ्या भोकावर हळद, तूप, कॉफी काहीही नको. वरची खपली बघून आतलं कळत नाही.

पहिले दोन दिवस नुसतं अंग पुसा. नंतर वॉटरप्रूफ ड्रेसिंग लावून, तांब्याने खांद्यावरून, जागा वाचवत अंघोळ चालेल. कृष्णेत, विहिरीत, हौदात उतरणं नळी असेपर्यंत आणि छिद्र भरेपर्यंत बंद.

एसटीने तपासणीला येताना बॅग निघण्याआधी रिकामी करा, पुढच्या सीटवर बसा, बॅग मांडीखाली लटकती ठेवा. वर रॅकमध्ये पिशवीबरोबर बॅग ठेवलेली मी पाहिली आहे. मोटरसायकल नको, विशेषतः शेतरस्त्यावर.

खाणं

इथं माझं आणि घरातल्या मोठ्या माणसांचं हमखास वाजतं. भातानं पू वाढतो, अंडं बाधतं, डाळ वातूळ, म्हणून ऑपरेशन झालेल्या माणसाला महिनाभर मुगाचं पाणी आणि भाकरी. भाताने पू होत नाही. पू जंतूंनी होतो, आणि भरून येतं ते प्रथिनांनी. माणसाच्या वजनाच्या दर किलोला दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम ६ ग्रॅम असतात. त्यामुळे अंडी, डाळ, उसळ, दूध, दही, पनीर, खाणाऱ्यांनी चिकन-मासे, सगळं हवं. एकदम जात नसेल तर सहा वेळा थोडं थोडं. अपवाद एवढाच, की स्वादुपिंडाचा रस किंवा आतड्यातला माल गळत असेल तर काय आणि किती खायचं हे डॉक्टर वेगळं सांगतात. कधी काही दिवस तोंडाने बंदही असतं.

मधुमेह असेल तर साखर रोज तपासा. साखर २५०-३०० वर राहिली तर कितीही चांगली नळी असो, पू हटत नाही. तंबाखू आणि बिडी बंद.

फोन कधी, गाडी कधी

रात्री दहा वाजता फोन येतो, 'सिस्टर, नळीतनं कायच येईना झालंय.' मी विचारते, ताप आहे का, दुखतंय का, काल किती आलं होतं. काल १५, परवा २०, ताप नाही, पोट मऊ असेल तर बहुधा आतलं संपत आलंय, सकाळी या. काल १५० आणि आज एकदम शून्य, वर थंडी-ताप, तर नळी बुजलीय किंवा सरकलीय, आताच निघा. दोन्हींत बॅग सारखीच रिकामी दिसते. फरक वहीतून कळतो.

वाट न बघता निघायचं ते यासाठी: नळीतून ताजं लाल रक्त, पोट लाकडासारखं कडक होणं, दम लागणं, चक्कर, लघवी कमी होणं, पेशंट बरळणं. १०८ ला फोन करा. त्याच दिवशी दाखवायचं ते यासाठी: पुन्हा ताप, आलेल्याचं माप अचानक वाढणं, नवा हिरवा किंवा तपकिरी रंग, नळीच्या बाजूने गळणं, नळीच्या तोंडाशी लाली आणि सूज. दिवसाला ५०० मिलीच्या वर जात असेल तर अंगातलं पाणी आणि मीठ त्याबरोबर जातं. घरी ओआरएसवर भागवत बसू नका.

नळी पूर्ण बाहेर आली तर परत आत घालायचा प्रयत्न अजिबात करू नका. स्वच्छ गॉज ठेवा, चिकटपट्टी लावा, निघालेली नळी पिशवीत घालून बरोबर आणा आणि त्याच दिवशी या. वाट काही तासांतच बुजायला लागते. लवकर आलात तर जुन्या वाटेनेच नवी नळी जाण्याची शक्यता असते.

नळी काढणं

सलग दोन दिवस सलाईन वजा करून १०-२० मिलीच्या खाली येत असेल, ताप नसेल, रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या असतील आणि सोनोग्राफीत पोकळी मिटलेली दिसत असेल, तर नळी काढतात. साध्या पूला आठवडा-दहा दिवस लागतात. जोड किंवा पित्त गळत असेल तर काही आठवडे. आकडा खालीच येत नसेल तर नळीतून औषध सोडून एक्स-रे काढतात, त्यात आतड्याशी वाट जोडलेली आहे का ते दिसतं. अशी वाट असेल तर नळी लवकर काढणं हीच चूक ठरते, म्हणून 'महिना झाला, काढा आता' असा आग्रह धरू नका.

काढणं मिनिटाचं काम. आतला वळसा दोऱ्याने ताणून धरलेला असतो, तो दोरा आधी सोडवतात, मग नळी सरळ होऊन बाहेर येते. म्हणून ती घरी किंवा गावातल्या कंपाउंडरकडून ओढून काढू नका. दोरा न सोडवता ओढली तर वळसा तसाच आतून खरवडत येतो. काढल्यावर एक-दोन दिवस छिद्रातून ओलसर येतं, गॉज बदला, छिद्र आपोआप मिटतं.

पुढचे दोन आठवडे रोज संध्याकाळी थर्मामीटर लावा, कारण साठा पुन्हा झाला तर बहुधा याच काळात कळतो. बोलावलेल्या तारखेला सोनोग्राफीला या. नळी निघाली म्हणजे लगेच औषधाचा पंप पाठीला लावून बागेत जायला मोकळं, असं नाही. पोट उघडून ऑपरेशन झालेल्या माणसाला वजन उचलायला साधारण सहा आठवडे लागतात, आणि ते दिवस नळी काढल्यापासून नाही, ऑपरेशनच्या तारखेपासून मोजायचे. मध्ये पू झाला असेल तर त्यात डॉक्टर आणखी काही दिवस वाढवतात. छाटणी तोंडावर आली असेल तर मजूर आधीच सांगून ठेवा.